केसाळ कुत्र्याला उन्हाळ्यात भादरू नका

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५च्या आसपास गेला, की लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, त्याचे केस काढून टाका ना एकदाचे!" तेवढं करू नका. हस्की, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर ऊन अडवतो. उष्णता कोंडते ती खालच्या गळालेल्या, गुंतलेल्या लोकरीत. म्हणून मशीन नको, कंगवा हवा. आमच्या शेरूला मी रोज संध्याकाळी गच्चीवर विंचरते. पहिल्या आठवड्यात निघालेल्या लोकरीत एक छोटी उशी सहज भरली असती!

कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांना. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. पाठीवर तांब्याभर पाणी ओतून उपयोग नाही, दाट केसांतून ते कातडीपर्यंत पोचतच नाही. पोट, जांघा, पंजे ओले करा आणि कूलरसमोर फरशीवर पडू द्या. ओला टॉवेल मात्र अंगावर पांघरून ठेवू नका, थोड्या वेळात तोच गरम होतो. जुलैच्या दमट हवेत कूलरचा फारसा फायदा नाही, तेव्हा पंखा बरा.

फिरायला उजाडायच्या सुमारास न्या. डांबरावर पालथा हात सात सेकंद टेकवून पाहा. चटका बसला तर घरी परत.

धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसतात, पाय लटपटतात, असं झालं तर लगेच डॉक्टर. पण गाडीची किल्ली शोधण्याआधी त्याला गार पाण्याने भिजवायला घ्या.