रिसीव्हरला स्पीकर जोडण्यापूर्वीची तयारी, आणि मी न वाचलेला एक आकडा

गेल्या खेपेला घरी होम थिएटर जुळवताना माझी चूक झाली ती एका आकड्यापायी. तो आकडा मी वाचलाच नाही, कारण त्याच्या शेजारी छापलेला दुसरा, अधिक ठळक आकडा वाचून माझे समाधान झाले होते. पुढच्या दोन स्पीकरांची माहिती मी नीट तपासली होती. सेंटर स्पीकर, म्हणजे पडद्याच्या मधोमध बसणारा, मात्र आठवड्याने आला आणि त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर '८ ओमच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी योग्य' असे लिहिलेले पाहून मी तो तसाच जोडून टाकला. रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरांना वीज पुरवणाऱ्या यंत्राच्या, मागे '६ ते १६ ओम' असे छापलेले होते (ओम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप) आणि आठ हा सहापेक्षा मोठा, एवढाच माझा हिशोब. चित्रपट सुरू होऊन पाऊण तास झाला असेल. एका दणदणीत प्रसंगात रिसीव्हरच्या पोटात 'टक्' असे वाजले, सगळे स्पीकर एकदम मुके झाले, पडद्यावरची पात्रे नुसतीच तोंडे हलवत राहिली आणि रिसीव्हरवरचा लाल दिवा लुकलुकू लागला. त्यापुढचे दोन आठवडे मी वायरी बदलण्यात, प्लग पुन्हा पुन्हा आवळण्यात आणि रिसीव्हरला दोष देण्यात घालवले. इतरांचे दोन आठवडे तरी वाचावेत म्हणून ही यादी लिहीत आहे.

आधी खोली मोजावी, हे सांगायला नको. बसण्याच्या जागेपासून पुढच्या स्पीकरांपर्यंतचे अंतर मात्र वेगळे लिहून ठेवावे, कारण आवाजाचा पुढचा हिशोब त्या अंतरावरच अवलंबून आहे. चॅनेल, म्हणजे आवाजाच्या स्वतंत्र वाटा, किती हवेत तेही आत्ताच ठरवावे: ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (सर्वांत खालच्या स्वरांचा स्पीकर), ७.१ म्हणजे सात आणि एक, तर ५.१.२ म्हणजे पाचांच्या जोडीला वरून येणाऱ्या आवाजासाठी आणखी दोन. रिसीव्हरमध्ये तेवढे अ‍ॅम्प्लिफायर आहेत की नाहीत, हे पाहिले की या बाबतीत आणखी काही करायचे उरत नाही.

आता त्या आकड्याकडे येतो. स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे रिसीव्हरकडून येणाऱ्या विजेला तो करतो तो अडथळा, हा वस्तुतः एक आकडा नसतोच. २० हर्ट्झच्या खालच्या स्वरापासून २०,००० हर्ट्झच्या वरच्या स्वरापर्यंत तो सतत चढत-उतरत असतो. एखाद्या ठिकाणी वीस-तीस ओमांपर्यंत जातो, तर दुसऱ्या ठिकाणी छापील आकड्याच्या बराच खाली येतो. पट्टीवर छापतात तो नाममात्र इम्पीडन्स. आपल्याला हवा असतो तो किमान इम्पीडन्स, म्हणजे त्या चढउतारातला सर्वांत खालचा बिंदू. आयईसी ६०२६८-५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा खालचा बिंदू नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांहून खाली जाता कामा नये. त्या हिशोबाने ८ ओमचा स्पीकर ६.४ च्या खाली उतरू नये आणि ४ ओमचा ३.२ च्या खाली. माझ्या सेंटरच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर, बारीक टायपात, 'किमान ३.२ ओम' असे लिहिलेले होते. मानकाच्या भाषेत तो सरळसरळ ४ ओमचा स्पीकर होता. 'इम्पीडन्स ८ ओम' आणि '८ ओमच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी योग्य' ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत, आणि ओमच्या आकड्याला लागून 'योग्य' हा शब्द दिसला की खरेदी तिथेच थांबवून किमान आकडा शोधावा.

एवढा आग्रह कशासाठी, हे आकडेमोडीवरून कळेल. ८ ओमच्या स्पीकरला १०० वॉट द्यायचे तर रिसीव्हरला सुमारे २८.३ व्होल्ट द्यावे लागतात आणि साधारण साडेतीन अँपिअर प्रवाह वाहतो. आवाजाचे बटण आपण फिरवतो तेव्हा खरे म्हणजे व्होल्टच वाढवत असतो. प्रवाह किती वाहायचा हे स्पीकर ठरवतो. तेच २८.३ व्होल्ट ३.२ ओमवर पडले की प्रवाह ८.८ अँपिअरच्या घरात जातो, म्हणजे अडीच पट. रिसीव्हरमधले सगळे चॅनेल एकाच वीजपुरवठ्यावर चालतात, त्यामुळे एक स्पीकर अधाशीपणे ओढू लागला की आतले ट्रान्झिस्टर तापतात आणि संरक्षण-यंत्रणा रिले (आपोआप चालणारी कळ) उघडून सगळ्यांचाच आवाज तोडते. मी ऐकलेला 'टक्' तो हाच. रिसीव्हर बिघडलेला नव्हता. तो स्वतःला वाचवत होता, आणि मी त्यालाच शिव्या देत होतो.

त्यातही सेंटर स्पीकरकडे अधिक संशयाने पाहावे. तो बहुधा आडवा असतो आणि त्यात दोन वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचे भोंगे, असतात. ८ ओमचे दोन वूफर समांतर जोडले की मिळून ४ ओम होतात. शिवाय बंद किंवा हवेसाठी भोक ठेवलेल्या खोक्याच्या स्पीकरांत इम्पीडन्सची एक घसरण साधारण १०० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात सापडते, आणि पुरुषी आवाजाचा पाया याच पट्ट्याच्या आसपास असतो. चित्रपटातले बहुतेक संवाद सेंटरमधूनच येतात. म्हणजे ज्या स्पीकरचे ओम आपण सर्वांत निष्काळजीपणे पाहतो, तोच सर्वाधिक वेळ काम करणारा असतो. पुढच्या जोडीचा किमान आकडा पाहिला म्हणून सेंटरचा पाहिला असे होत नाही. मागच्या दोघांचा पाहावा, छताजवळच्यांचाही पाहावा, प्रत्येकाचा वेगळा लिहून ठेवावा आणि सेंटरचा दोनदा वाचावा.

माहितीपत्रकात किमान आकडा दिलेलाच नसेल तर मल्टिमीटर घ्यावा. स्पीकर सर्व वायरींपासून सोडवून त्याच्या दोन टर्मिनलांमधला रोध मोजावा. आधी मल्टिमीटरच्या दोन्ही कांड्या एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो वजा करावा. खऱ्या ८ ओमच्या स्पीकरचा रोध साधारण साडेपाच ते सातच्या दरम्यान येतो आणि ४ ओमच्याचा तीन ते साडेतीनच्या आसपास. माझा सेंटर मी मोजला तेव्हा मीटरवर २.९ आले. हे काम पाच मिनिटांचे होते, आणि मी ते दोन आठवड्यांनी केले.

रिसीव्हरच्या मेनूत ओमची निवड असते, तिच्यावर भिस्त ठेवू नये. बऱ्याच यंत्रांत ती निवड खाली आणली की आतला व्होल्टेज कमी केला जातो. यंत्र थंड राहते, पण ताकदही आटते. मी तेही करून पाहिले. 'टक्' उशिरा आले, एवढाच फरक पडला. स्पीकरच्या वायरीत एकसर पद्धतीने एखादा रोध जोडून ओम वाढवावेत असाही सल्ला कोणीतरी देतो. तो ऐकू नये, कारण स्पीकरचा इम्पीडन्स जागोजागी वेगळा असल्याने तो रोध प्रत्येक स्वरपट्ट्यावर वेगळा परिणाम करतो आणि स्पीकरचा मूळ आवाजच बिघडवून टाकतो. दोन खोल्यांसाठी रिसीव्हरवर ए आणि बी अशा दोन जोड्यांची सोय असेल आणि त्या एकाच वेळी वाजवायच्या असतील, तर ८ ओमच्या दोन जोड्यासुद्धा मिळून ४ होतात, हेही ध्यानात ठेवावे. कमी ओमचेच स्पीकर आवडले असतील तर वाट एकच: ४ ओमची क्षमता स्पष्ट लिहून दिलेला रिसीव्हर घ्यावा, नाहीतर प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडण्याची सोय) असलेला घेऊन त्या चॅनेलला स्वतंत्र पॉवर अ‍ॅम्प्लिफायर लावावा.

वॉटांविषयी लोक तासन्‌तास बोलतात, मी थोडक्यात सांगतो. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा एकच चॅनेल चालू ठेवून, १ किलोहर्ट्झवर, ६ ओमवर आणि आवाजातली १० टक्के विकृती चालवून घेऊन काढलेला असतो. तो सोडून द्यावा. दोन चॅनेल चालू असताना, २० ते २०,००० हर्ट्झवर, ८ ओमला, ०.१ टक्क्याच्या आतल्या विकृतीसह किती वॉट मिळतात तेवढेच पाहावे. वॉटांच्या जाहिरातींतला हा घोळ जुनाच आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली त्यासाठी नियम केला. स्पीकरवर लिहिलेले वॉट ही त्याची मागणी नव्हे, सहनशक्ती आहे. '२०० वॉट' लिहिलेला स्पीकर ८० वॉटच्या रिसीव्हरवर आनंदाने चालतो. उलट, लहान रिसीव्हर शेवटपर्यंत पिळला की लाटांचे माथे कापले जातात आणि ट्वीटर (वरच्या स्वरांचे भोंगे) जळतात ते बहुधा त्यामुळेच.

आवाज किती मिळेल हे वॉटांइतकेच सेन्सिटिव्हिटीवर ठरते. ८८ डेसिबलचा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतो. मोकळ्या जागेत तीन मीटरवर त्यातले साडेनऊ जातात, म्हणजे सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर उरतात, आणि १०० वॉट दिले की त्यात २० ची भर पडून साडेअठ्ठ्याण्णव होतात. बंद खोलीत भिंतींमुळे प्रत्यक्षात थोडे अधिक मिळतात. तीन डेसिबल वाढवायचे तर वॉट दुप्पट लागतात. म्हणून ९१ डेसिबलच्या स्पीकरला त्याच आवाजासाठी ५० वॉट पुरतात आणि ८५ च्याला २०० लागतात. चित्रपटांच्या मिश्रणाच्या प्रमाण-पातळीवर मुख्य चॅनेलांची शिखरे १०५ डेसिबलला पोहोचतात. घरात तेवढ्या आवाजात बसण्याची हौस किती जणांना असते ते आपापले ठरवावे. इथेही तो ओमचा आकडा पुन्हा आडवा येतोच. सेन्सिटिव्हिटी '२.८३ व्होल्टला' अशी लिहिली असेल, तर ८ ओमला ते एक वॉट होते, पण ४ ओमला दोन; म्हणजे ४ ओमच्या स्पीकरचे छापील ८८ हे प्रत्यक्षात ८५ च असतात. उगाच चढवून लिहिलेल्या सेन्सिटिव्हिटीच्या आड कमी ओम लपलेले असतात. किमान इम्पीडन्स शोधावा, असे मी पुन्हा म्हणतो, ते यासाठी.

पुढचे तीन स्पीकर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले असावेत; पडद्यावर मोटार डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचा आवाज बदलला तर डोळे आणि कान भांडू लागतात. मागच्यांना ही अट एवढी कडक नाही, आणि सेन्सिटिव्हिटीतला फरक रिसीव्हर पातळी बदलून भरून काढतो. एकाच मालिकेतला सेंटरही पुढच्या जोडीपेक्षा कमी ओमचा असू शकतो. माझा होता. मालिका एकच म्हणून ओमही तेच, असे गृहीत धरण्यातच मी फसलो.

सबवूफरला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याच्या ओमांची चिंता रिसीव्हरला नाही. रिसीव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल' (खालचे स्वर सबवूफरकडे पाठवणारी निवड) ठेवून क्रॉसओव्हर, म्हणजे स्वरांची वाटणी जिथे होते ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करावी आणि सबवूफरवरचा क्रॉसओव्हर शेवटपर्यंत वर न्यावा, नाहीतर दोघेही एकच काम अर्धे अर्धे करतात. खालचे स्वर सबवूफरकडे गेल्याने रिसीव्हरचा भारही हलका होतो, पण त्याने ३.२ ओमचे ६.४ होत नाहीत.

वायर तांब्याची घ्यावी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली घेऊ नये, तिचा रोध जास्त असतो. जाण्या-येण्याचा मिळून वायरीचा रोध स्पीकरच्या ओमांच्या ५ टक्क्यांच्या आत राहावा. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीचा दहा मीटर अंतराला जाऊन-येऊन रोध सुमारे ०.२४ ओम होतो; ८ ओमला तो चालतो, ४ ओमला मर्यादा ओलांडतो, तिथे अडीच चौरस मिलिमीटर घ्यावी. लाल लालला, काळी काळीला. सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी तोच 'टक्' ऐकू येतो, म्हणून वायरींच्या टोकांना बनाना प्लग लावावेत.

रिसीव्हरच्या डोक्यावर काहीही ठेवू नये आणि त्याला बंद कपाटात कोंडू नये. रिसीव्हरचा आवाज-जुळवणीचा माइक आपण बसल्यावर कानांच्या उंचीवर येईल असा ठेवावा, आणि त्या जुळवणीने सुचवलेले अंतर व क्रॉसओव्हर एकदा डोळ्यांखालून घालावेत. स्पीकरांची खोकी परतीची मुदत संपेपर्यंत टाकू नयेत; त्या मुदतीतच, नेहमी ऐकता त्याहून थोड्या मोठ्या आवाजात, संवाद आणि दणदणाट दोन्ही असलेला एखादा चित्रपट पूर्ण दोन तास चालवावा, अधूनमधून रिसीव्हरच्या वरच्या जाळीवर तळहात ठेवून पाहावा, आणि हात टेकवत नसेल तर वायरींना हात लावण्यापूर्वी सेंटरचा रोध मोजावा.