रोज टेकडी, तरी गुडघा दुखतो आणि वजन हलत नाही? या चुका टाळा

पुण्याच्या सहकारनगरात मी गेली अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ व्यायामाचे वर्ग घेतो. येणारी माणसं साधी असतात. बँकेतून निवृत्त झालेले काका, मुलांचे डबे भरून धावतपळत येणाऱ्या ताई, हिंजवडीहून दीड तास गाडी हाकत घरी पोचणारी तरुण मंडळी. यांना आळशी कोण म्हणेल? पहाटे साडेपाचला तळजाईच्या टेकडीवर जाऊन पाहा, केवढी गर्दी असते. तरी वर्षभराने तक्रारी त्याच. सगळी मेहनत चालण्यात आणि उपाशी राहण्यात खर्च होते; पायांची ताकद आणि ताटातलं प्रोटीन या दोन गोष्टींकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही.

उतरताना दुखणारा गुडघा

मागच्या वर्षी एक काका आले, वय ६३. म्हणाले, "अहो सर, चढताना काही म्हणजे काही होत नाही. उतरतानाच कळ येते." मी त्यांना घेऊन पर्वतीवर गेलो. १०३ पायऱ्या. वर जाताना काका खरोखर तरातरा गेले. उतरताना मी चार पायऱ्या खाली उभा राहून फक्त त्यांचे पाय बघत होतो. प्रत्येक पायरीवर गुडघा ताठ, टाच आधी, आणि धप्प आवाज. शरीर खाली सोडून दिल्यासारखं पडत होतं. दहा-बारा पायऱ्यांनंतर ते आपोआप तिरके होऊन उतरायला लागले.

चढताना मांडीचे स्नायू शरीर वर ढकलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना ब्रेक लावायचं काम करतात. या कामाला ताकद आणि ताबा दोन्ही लागतात. ब्रेक कच्चा असला की गुडघ्याच्या वाटीवरचा भार वाढतो, आणि तो शरीराच्या वजनाच्या काही पट असतो. काकांनी आधी काय केलं होतं? गुडघ्याला पट्टा बांधला, तेल चोळलं, महिनाभर चालणं बंद ठेवलं. त्या महिन्यात मांड्या आणखी गळाल्या, आणि पुन्हा टेकडी सुरू केल्यावर दुखणं वाढलं.

उपाय अगदी घरगुती आहे. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी धरून उठा, आणि बसताना मनात एक-दोन-तीन मोजत सावकाश बसा. शेवटी धपकन बसायचं नाही, सगळा व्यायाम त्याच टप्प्यात आहे. ८ ते १० वेळा, मिनिटभर विश्रांती, असे दोन-तीन फेरे. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणं. उतरताना पावलं लहान, गुडघा किंचित वाकलेला, पायाचा पुढचा भाग आधी टेकवायचा. काकांना फरक जाणवायला दीड महिना लागला. गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर मात्र हे प्रयोग करत बसू नका, आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

चालणं म्हणजेच सगळा व्यायाम, हा गैरसमज

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल सांगते. त्याच शिफारशीत पुढे आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितलेला आहे, ते आपण सोयीने विसरतो. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि नुसत्या चालण्याने ते टिकत नाहीत. पुण्याला ही गोष्ट नवी नाही. पेठांमधल्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या जोर-बैठका चालत आल्या, टिळक रोडवरचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून व्यायाम शिकवतंय. जोर जमत नसतील तर भिंतीला हात टेकवून सुरू करा, मग ओटा, मग जमीन. पाण्याच्या दोन बाटल्या भरून उचलल्या तरी सुरुवात होते.

आणि ते दहा हजार पावलांचं ओझं डोक्यावरून उतरवा. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. आकडा तिथून आला. आज तीन हजार चालत असाल तर पुढचा महिना साडेचार हजार चाला. वेग बरोबर आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे: चालताना बोलता यायला हवं, पण गाणं म्हणता येऊ नये. सारसबागेभोवती गप्पा मारत रमतगमत फेऱ्या घालणं मनाला छान असतं, तेही करा. पण त्या १५० मिनिटांत ते धरू नका.

"मी काही खातच नाही हो"

हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि बोलणारा खोटं बोलत नसतो. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका ताईंचा डबा मी उघडायला लावला. एका कप्प्यात काकडी-टोमॅटोच्या चकत्या, दुसऱ्यात चार घड्या घातलेली एक पोळी. "एवढंच?" म्हटलं तर म्हणाल्या, "डाएट चालू आहे ना सर." मग चार दिवस सगळं लिहून काढायला सांगितलं, चहासकट. कागदावर आलं ते असं: सकाळी लिंबू-मध-पाणी, दुपारी हा डबा, चारला चहा-बिस्किटं, सातला गाडीत फरसाणाचं पाकीट, चांदणी चौकात वडापाव, आणि रात्री दहाला पोटभर वरण-भात-बटाट्याची भाजी. दिवसभर मारलेली भूक संध्याकाळी सगळं वसूल करून घेत होती.

आम्ही काहीच बंद केलं नाही. डब्यात दोन पोळ्या, मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ, कोशिंबीर आणि वाटीभर दही आलं. साडेपाचला ऑफिस सोडण्याआधी मूठभर फुटाणे आणि एक केळं. दोन आठवड्यांत वडापावची आठवण कमी झाली, तीही मन न मारता.

मुद्दा प्रोटीनचा आहे. भारतीय शिफारशीनुसार ते किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. आता आपलं ताट बघा. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ वरण, रात्री पुन्हा भात. पन्नासाला पोचणं अवघड. त्यासाठी डबेबंद पावडर आणायची गरज नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा पावडरी टाळायलाच सांगितलंय. वरण घट्ट करा. आठवड्यातून दोनदा पिठलं होऊ द्या. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात, पेलाभर दुधात सहा-सात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रोटीन किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

उपासाचंही तेच. साबुदाण्यात स्टार्चशिवाय फारसं काही नसतं, म्हणून खिचडी खाऊन दोन तासांत पुन्हा भूक लागते. राजगिरा, दाण्याची आमटी, ताक, उकडलेलं रताळं यावर उपास कितीतरी बरा निभतो.

छोट्या पण महागात पडणाऱ्या चुका

तासभर चालून साधारण २०० ते ३०० कॅलरी खर्च होतात. टेकडीवरून थेट मिसळीला गेलात तर तर्री, फरसाण आणि दोन पाव मिळून त्या भरून निघतात आणि वर शिल्लक राहते. मिसळ सोडू नका, महिन्यातल्या एखाद्या रविवारी निवांत खा.

चहा दिवसातून चार वेळा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे ३५-४० ग्रॅम साखर तिथेच झाली. गूळ घातला म्हणून कॅलरी कमी होत नाहीत.

पोटाचे व्यायाम करून फक्त पोटावरची चरबी उतरत नाही. घामाने उतरतं ते पाणी.

सहा दिवस खुर्चीत आणि रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, हे शरीराला झेपत नाही. मधल्या दिवसांत निदान दोनदा जिने चढा-उतरा. चालताना छातीत दडपण आलं, जबडा किंवा डावा हात दुखला, तर थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या.

गणपतीत सुटलेला व्यायाम

माझ्या वर्गाची हजेरी जुलैच्या पावसात गळते, गणपतीत आणखी, आणि दिवाळीच्या फराळानंतर लोक म्हणतात, "आता १ जानेवारीपासूनच." इथे खरं नुकसान होतं. टेकडी निसरडी असेल तर जाऊ नका, पण घरात दहा मिनिटं खुर्चीच्या बैठका आणि भिंतीवरचे जोर चालू ठेवा. दहा दिवसांचा खंड पडला तर परत येताना आधीच्या निम्म्यापासून सुरुवात करा. पहिल्याच दिवशी जुन्या आकड्यावर गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग असं आंबतं की माणूस पुन्हा आठवडाभर फिरकत नाही. ते ६३ वर्षांचे काका यंदा गणपतीनंतर आले, पाच बैठका काढल्या, आणि "आज एवढंच" म्हणून घरी गेले. गुरुवारी सात काढल्या.