थॉर्न्सच्या मॅचला नॉर्थ एंडमध्ये उभं राहायचंय? मग ही तयारी करा

तिकिटापासून सुरुवात करू. तिकीट काढायच्या आधी एक गोष्ट घरात बोलून ठरवा: मॅच बघायची आहे, की मॅचला आवाज द्यायचा आहे? पोर्टलंड थॉर्न्स या इथल्या महिला फुटबॉल संघाचं घर म्हणजे प्रॉव्हिडन्स पार्क स्टेडियम, 25,218 खुर्च्यांचं. बघायचीच असेल तर पूर्वेकडे 2019 मध्ये बांधलेल्या नव्या मजल्यांवर जा. तिथून मैदान तळहातासारखं दिसतं आणि कुणी तुम्हाला गा म्हणत नाही. उत्तरेकडच्या गोलमागचा भाग, म्हणजे नॉर्थ एंड, मात्र रोझ सिटी रिव्हेटर्स या चाहत्यांच्या गटाचा. तिथे ठरलेली खुर्ची नसते, आधी येईल त्याला जागा, आणि एकदा शिट्टी वाजली की खाली बसायचा प्रश्नच नाही. तिकीट फोनवरच येतं, म्हणून बॅटरी पूर्ण भरून घ्या. सिएटल रेनविरुद्धची मॅच असेल तर आठवडाभर थांबून स्वस्त तिकिटाची वाट बघण्यात अर्थ नाही. या संघाची पहिलीच घरची मॅच, एप्रिल 2013 मधली, सिएटलविरुद्धच होती आणि तिला 16,479 लोक आले होते. अमेरिकेत बायकांच्या क्लब फुटबॉलला तेव्हा एवढी गर्दी कुणी धरूनही चालत नव्हतं.

हिल्सबरो, बीव्हर्टन, बेथनी या पट्ट्यात आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, निम्मी इंटेलच्या कृपेने. त्यांना माझा आग्रह आहे की गाडी घरी ठेवा. स्टेडियमला स्वतःचं पार्किंग नाही आणि आजूबाजूच्या गूज हॉलो वस्तीच्या गल्ल्यांत जागा शोधता शोधता पहिला गोल हुकतो. मॅक्स या शहरी रेल्वेची निळी किंवा लाल लाइन धरा, डोंगराखालच्या बोगद्यातून बाहेर पडलात की प्रॉव्हिडन्स पार्क स्टेशन आलंच. सनसेट स्टेशनला डब्यात लाल स्कार्फवाले चढायला लागतात, त्यांच्यामागे चालत राहिलात तरी गेट सापडतं. सुरू व्हायच्या तासभर आधी पोहोचा. नाहीतर नॉर्थ एंडमध्ये खांबामागची किंवा मोठ्या झेंड्यामागची जागा मिळेल. झेंड्यामागची जागा तशी वाईट नाही म्हणा. गोल कसा झाला ते घरी जाऊन हायलाइट्समध्ये बघायचं आणि झाला हे शेजाऱ्याच्या मिठीवरून समजून घ्यायचं.

कपड्यांना फार विचार लागत नाही. लाल किंवा काळं काहीही चालतं. महागडी जर्सी नसली म्हणून कुणी विचारत नाही, पण निळ्या रंगात येऊ नका. काही जणी डोक्याला लाल ठिपक्यांचा रुमाल बांधून येतात. दुसऱ्या महायुद्धात इथल्या जहाजांच्या कारखान्यांत हजारो बायका वेल्डिंगची, रिव्हेट ठोकायची कामं करत होत्या, त्यांच्यावरून या गटाचं नाव पडलं. स्कार्फ मात्र एक घ्याच, कारण तो दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरायची वेळ येते आणि तेव्हा रिकामे हात फार उघडे पडतात. मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरनंतर आत रेनकोट हवा. छत्री आत नेऊ देत नाहीत, आणि छप्पर असलं तरी पुढच्या रांगा भिजतात. बूट जाड तळाचे. मध्यंतर धरून पावणेदोन-दोन तास सिमेंटच्या पायऱ्यांवर उभं राहणं आणि मधूनमधून उड्या मारणं, हे चाळिशीनंतर गुडघ्यांना समजतं.

पिशवी पारदर्शक, लहान. मापाचा नियम क्लबच्या संकेतस्थळावर बघून घ्या. पैसे कार्डाने. चिवड्याचा डबा आत जाणार नाही असं धरूनच चला आणि घरून पोटभर खाऊन निघा. शाकाहारी माणसाची आत उपासमार होत नाही, खिशाची होते.

आता खरी तयारी, गाण्यांची. घोषणा आणि गाणी रिव्हेटर्सनी लिहून ठेवलेली आहेत, कुणालाही वाचता येतात. सगळी पाठ करायची गरज नाही. पी-टी-एफ-सी (पोर्टलंड थॉर्न्स एफसी) ही चार अक्षरं ढोलाच्या ठेक्यावर कशी पडतात ते ऐकून ठेवा, आणखी तीन-चार सोपी गाणी ऐका, बस. बाकीची आरतीच्या मधल्या कडव्यांसारखी पुटपुटायची आणि ध्रुवपद आलं की आवाज चढवायचा. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. अट एकच, चूप उभं राहायचं नाही. शून्य-दोनने मागे असताना तर मुळीच नाही. किंबहुना तेव्हाचंच गाणं इथे मोजलं जातं.

गाणं कोण सुरू करतं ते आधीच हेरून ठेवा. सगळ्यात पुढे, मैदानाकडे पाठ करून, उंच चौथऱ्यावर जो किंवा जी उभी असते ती कॅपो. संपूर्ण स्टेडियममध्ये मॅच न बघणारी ती एकटीच. मागे काय चाललंय ते ती आपल्या तोंडांवर वाचते. आपण श्वास रोखला की तिला कळतं बॉल गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये शिरलाय, आपण डोक्याला हात लावला की कळतं बाहेर गेला. तरी तिचा हात ठेका सोडत नाही. एखाद्या मॅचला थोडा वेळ बॉलवरून नजर काढून नुसतं तिच्याकडे बघा. नव्वद मिनिटं आवाज टिकवायचा तर कुठे वाढवायचा आणि कुठे नुसत्या टाळ्यांवर ठेवायचा, याचा तिचा हिशोब बघण्यासारखा असतो. ती हात खाली दाबून दाखवते तेव्हा आवाज खाली आणा. नवखे लोक नेमके तेव्हाच ओरडतात.

लहान मुलं असतील तर कानाला लावायचे मोठे हेडफोनसारखे रक्षक आणा, ढोल आणि ट्रम्पेट अगदी जवळ असतात. गोल झाला की लाल धूर सोडतात. तो छपराखाली बराच वेळ रेंगाळतो आणि स्कार्फला त्याचा जळका वास दोन धुण्यांपर्यंत राहतो. धूर सोडायची परवानगी ठरलेल्या माणसांनाच असते, आपण काही पेटवायचं नाही. दम्याचा त्रास असेल तर बाजूच्या भागात उभे राहा. उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा आलेले असतील तर त्यांना पश्चिमेकडच्या खुर्च्या काढून द्या आणि मध्यंतरात भेटायचं ठरवा. दोन तास उभे राहू असं ते हट्टाने म्हणतील, ऐकू नका.

आणि घरच्यांना हेही आधीच सांगून ठेवा की स्टँडमध्ये इंद्रधनुषी झेंडे सगळीकडे असतात, ट्रान्स झेंडाही असतो. महिला फुटबॉलमध्ये खेळाडू आणि चाहते दोघंही या बाबतीत फार मोकळे आहेत. दोन बाया हात धरून उभ्या असतील, तर त्या मॅचला आल्या आहेत, इतकंच. प्रतिस्पर्धी खेळाडूला चिडवायला हरकत नाही, पण तिच्या शरीरावरून, रंगावरून, कुणावर प्रेम करते त्यावरून एक शब्द निघाला तर शेजारचाच माणूस तुम्हाला थांबवेल, सिक्युरिटीपर्यंत गोष्ट जायच्या आधी. मुलींना घेऊन जायला या शहरात यापेक्षा चांगली गर्दी मला माहीत नाही.

एवढं ओळखीचं झालं की टिफोला हात लावायची तयारी करा. टिफो म्हणजे मॅच सुरू होताना स्टँडवर दोरांनी वर चढणारं किंवा डोक्यांवरून पसरत जाणारं प्रचंड चित्र. ते क्लब करून देत नाही. कापडाच्या पट्ट्या शिवून, त्यांवर प्रोजेक्टरने रेषा पाडून, भिंतीला देतात तो रंग भरून स्वयंसेवकच ते तयार करतात. चित्रकला येत नसली तरी चालतं. आखलेल्या चौकटीत काळा रंग भरायला हात लागतात, आणि रंगलेल्या कापडावरून कुणी बूट घालून जाऊ नये म्हणून लक्ष ठेवायलाही. जुने कपडे घाला, गुडघ्याखाली घ्यायला काहीतरी न्या आणि फोन खिशातच ठेवा. वर चढेपर्यंत चित्राचा फोटो बाहेर जाता कामा नये, हा नियम सगळे गंभीरपणे पाळतात. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची सवय इथे आवरावी लागते.

या सगळ्याला पैसा लागतो आणि तो येतो 107 इंडिपेंडंट सपोर्टर्स ट्रस्टमधून. ही चाहत्यांचीच ना-नफा संस्था. पुरुष संघाचा चाहता गट टिंबर्स आर्मी आणि रिव्हेटर्स दोन्ही तिच्या छत्राखाली. 107 हा स्टँडच्या एका भागाचा क्रमांक, जिथून हे सगळं सुरू झालं. सभासद व्हा, पण व्हायलाच हवं असं नाही. गायला उभे राहिलात की तुम्ही त्यांच्यातलेच, असंच तिथे मानतात. स्कार्फ घ्यायचा असेल तर क्लबच्या दुकानातून घेण्याआधी ट्रस्टच्या टेबलावर बघा. तो पैसा रंगात, कापडात आणि शहरातल्या मुलांची मैदानं नीट करण्यात जातो.

ही क्लबपासून वेगळी तिजोरी असणं किती महत्त्वाचं आहे, ते समजायला 2021 मध्ये काय झालं ते वाचून जा. तयारीतला हा भाग कुणी सांगत नाही, पण माझ्या मते स्कार्फपेक्षा गरजेचा आहे. सप्टेंबर 2021 च्या अखेरीस मॅना शिम आणि सिनेड फॅरेली या थॉर्न्सच्या माजी खेळाडूंनी संघाचा पूर्वीचा प्रशिक्षक पॉल रायली याच्यावर लैंगिक गैरवर्तन आणि जबरदस्तीचे आरोप जाहीरपणे केले. रायलीने ते नाकारले. पण शिमने क्लबकडे तक्रार 2015 मध्येच केली होती. क्लबने त्याचा करार पुढे चालू ठेवला नाही, मात्र का ते जगाला सांगितलं नाही, आणि तो लीगमधल्याच दुसऱ्या संघाचा प्रशिक्षक झाला. त्या आठवड्याच्या मॅचेस रद्द झाल्या. 6 ऑक्टोबरला पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा सहाव्या मिनिटाला खेळाडू थांबल्या, दोन्ही संघ मधल्या वर्तुळात हातात हात गुंफून उभे राहिले. मिनिट सहावं, कारण त्यांचं कुणी ऐकेपर्यंत सहा वर्षं गेली होती.

स्टँडची परीक्षा त्यानंतर सुरू झाली. ज्या खेळाडूंसाठी गायचं, त्यांच्याच जर्सीचा पैसा ज्या व्यवस्थापनाकडे जातो त्याचं काय करायचं? रिव्हेटर्सनी खेळाडूंच्या मागण्यांना पाठिंबा दिला, स्टेडियममधल्या खाण्यापिण्याच्या आणि वस्तूंच्या दुकानांवर बहिष्काराची हाक दिली, वरिष्ठांना हटवा असे फलक धरले. गाणं मात्र सोडलं नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने चौकशीसाठी नेमलेल्या वकील सॅली येट्स यांचा अहवाल आला, क्लबचे दोन वरिष्ठ अधिकारी गेले, मालक मेरिट पॉलसन यांनी सीईओपद सोडलं. त्याच महिन्याच्या शेवटी संघ तिसऱ्यांदा विजेता झाला. त्या विजयाचा आनंद कसा करायचा, यावर स्टँडमध्ये जेवढी चर्चा झाली तेवढी एखाद्या पराभवावरही झाली नसेल. डिसेंबरमध्ये पॉलसन यांनी थॉर्न्स विकायचं जाहीर केलं आणि जानेवारी 2024 मध्ये भठाल कुटुंबाने 6.3 कोटी डॉलरना क्लब घेतला.

नवे मालक भारतीय वंशाचे म्हटल्यावर आपल्या मंडळींचा ऊर भरून येतो, ते ठीक आहे. पण नॉर्थ एंडमध्ये जाताना तो अभिमान जरा बाजूला ठेवा. तिथली रीत अशी की मालक कुणीही असो, प्रेम खेळाडूंवर आणि प्रश्न मालकाला. न्यू जर्सीतही हेच घडलं होतं. 2018 मध्ये स्काय ब्लू संघातल्या मुलींच्या राहण्याची आणि सरावाची दैना उघड झाली, तेव्हा क्लाउड नाइन हा त्यांचा चाहता गट मालकांविरुद्ध उभा राहिला. आज तोच संघ गोथम म्हणून खेळतो. अमेरिकेत महिलांच्या याआधीच्या दोन व्यावसायिक लीग, 2001 ची आणि 2009 ची, प्रत्येकी तीन हंगामांत बुडाल्या. म्हणून इथल्या जुन्या चाहत्यांना लीग चालू राहणं गृहीत धरता येत नाही, आणि केवळ चालू राहावी म्हणून गप्पही बसवत नाही.

खेळाडूंची थोडी ओळख करून घ्या, म्हणजे गाण्यांतली नावं कळतील. पाठीवर 12 क्रमांक असलेल्या जुन्या जर्सी शेकड्याने दिसतील. ती ख्रिस्तीन सिंक्लेअर, कॅनडाची, देशासाठी 190 गोल, पुरुष-बायका धरून तेवढे कुणाचेच नाहीत. पहिल्या हंगामापासून ती इथे होती, 2024 मध्ये निवृत्त झाली. सोफिया विल्सन हे नाव ऐकलं आणि जर्सीवर स्मिथ दिसलं तर गोंधळू नका, ती एकच. आत्ताचा संघ मॅचच्या आदल्या दिवशी बघा, बदल सतत होतात.

शेवटची शिट्टी झाली की मॅक्सच्या गर्दीच्या भीतीने पळू नका. जिंकोत वा हरोत, खेळाडू नॉर्थ एंडसमोर येतात आणि त्यांच्यासाठी अजून थोडं गायचं असतं. त्यानंतर झेंडे गुंडाळायला, टिफो घडी करून उचलायला माणसं कमी पडतात. थांबलात तर ओळखी तिथेच होतात, गाताना नाही.

संघ बाहेरगावी खेळत असेल त्या दिवशी नॉर्थईस्ट ब्रॉडवेवरच्या 'स्पोर्ट्स ब्रा' नावाच्या बारमध्ये जा. 2022 मध्ये जेनी न्विन यांनी काढलेल्या या बारमधल्या टीव्हींवर फक्त बायकांचे खेळ लागतात. थॉर्न्सच्या मॅचला लवकर नाही गेलात तर टेबल मिळत नाही. आणि वर्षातून एकदा सिएटलला जायची तयारी ठेवा. बाहेरच्या चाहत्यांच्या जागेची तिकिटं स्वतंत्र काढण्याआधी ट्रस्टकडे विचारा, म्हणजे सगळ्यांसोबत उभं राहता येईल. पोर्टलंडच्या युनियन स्टेशनवरून कॅस्केड्स रेल्वे साडेतीन तासांत सिएटलच्या किंग स्ट्रीट स्टेशनला सोडते, तिथून लुमेन फील्ड हे स्टेडियम चालत जाण्याइतकं जवळ. मॅच संध्याकाळची असेल तर परतीच्या गाडीची वेळ आधी बघा. जमत नसेल तर कुणाच्या तरी गाडीत आत्ताच जागा धरून ठेवा.