अनेक तज्ज्ञांच्या फाइलींतून एक निदान कसे शोधावे

सांधे दुखतात म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ, चेहऱ्यावर पुरळ येते म्हणून त्वचारोगतज्ज्ञ, लघवीतून प्रथिने जातात म्हणून मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, अशा फेऱ्या वर्षानुवर्षे चालतात आणि प्रत्येकाकडची फाइल स्वतंत्रपणे जाड होत जाते. ही तिन्ही लक्षणे ल्युपस या एकाच स्वप्रतिकारक आजाराची (ज्यात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते) असू शकतात. सिलिअ‍ॅक आजारात (गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) पोटाची तक्रार नगण्य असूनही लोहाची कमतरता आणि हाडांची झीज आढळू शकते. असे आजार उशिरा सापडण्यामागे अनेकदा एक कारण असते, ते म्हणजे सगळी माहिती एका डॉक्टरसमोर एकत्र आलेली नसते. ती एकत्र आणण्याचे काम रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांनाच करावे लागते.

त्यासाठी प्रथम कालक्रमाने एक-दोन पानांचे टिपण तयार करावे. पूर्णपणे बरे असे शेवटचे कधी वाटले होते, त्यानंतर ताप, संसर्ग, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा नवे औषध यांपैकी काय घडले, कोणते लक्षण केव्हा सुरू झाले, किती वेळ टिकते आणि कशाने वाढते, हे त्यात यावे. शक्यतो आजाराचे नाव लिहू नये. ‘मायग्रेन’ असे न लिहिता डोके कोणत्या बाजूला आणि किती तास दुखते, उजेड सहन होतो का, ते लिहावे. कारण नाव वाचले की पुढचा डॉक्टर त्याच नावापासून विचार सुरू करतो. तोंडातील व्रण, कोरडे डोळे, थंडीत बोटे पांढरी पडणे अशी क्षुल्लक वाटणारी लक्षणे गाळू नयेत. औषधांच्या तारखाही लक्षणांच्या शेजारीच मांडाव्यात, कारण काही वेळा उत्तर तिथेच असते: मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेतल्याने जीवनसत्त्व बी१२ कमी होऊन हातापायांना मुंग्या येऊ शकतात, आणि तो रुग्ण मात्र मेंदूविकारतज्ज्ञाकडे हेलपाटे घालत राहतो.

मोजता येण्यासारखे जे असेल ते मोजावे. उभे राहिल्यावर छातीत धडधडत असेल, तर दहा मिनिटे पडून राहून नाडी मोजावी, मग सोबत कोणी असताना उभे राहून दहा मिनिटांपर्यंत ती पुन्हा पुन्हा नोंदवावी. प्रौढ व्यक्तीत रक्तदाब फारसा न उतरता नाडी ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल, तर ‘पॉट्स’ या (उभे राहिल्यावर नाडी वाजवीपेक्षा वाढण्याच्या) विकाराचा विचार करण्यास ती नोंद पुरेशी आहे. निदान मात्र डॉक्टरांनीच करावयाचे असते.

अहवालांत ‘नॉर्मल’ या शब्दावर थांबू नये. आकडा, एकक आणि त्या प्रयोगशाळेची संदर्भमर्यादा पाहावी. हिमोग्लोबिन मर्यादेत असतानाही फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याचा निदर्शक) कमी असू शकते. स्कॅनच्या अहवालासोबत मूळ प्रतिमा मागून घ्याव्यात. बायोप्सीच्या काचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञाला पुन्हा तपासता येतात, हे अनेकांना ठाऊकच नसते.

यानंतर समन्वयासाठी एक डॉक्टर ठरवावा. हे काम जनरल फिजिशियनकडे देणे उत्तम. अनेक अवयवांत दाह दिसत असेल तर संधिवाततज्ज्ञही ते सांभाळू शकतात. ‘या सर्वांचा मेळ घालण्याची जबाबदारी आपण घ्याल का?’ असे स्पष्ट विचारावे आणि होकार मिळाल्यास प्रत्येक तज्ज्ञाचे पत्र त्यांच्याकडे जाईल अशी व्यवस्था करावी. तज्ज्ञाकडे जातानाही नेमका प्रश्न घेऊन जावे. ‘मला काय झाले आहे?’ यापेक्षा ‘हे पुरळ आणि सांध्यांची सूज एकाच कारणाने असू शकते का?’ या प्रश्नाला उपयोगी उत्तर मिळण्याचा संभव अधिक.

स्वतःहून चाचण्यांचा सपाटा लावू नये. एएनए ही ल्युपससारख्या स्वप्रतिकारक आजारांसाठी केली जाणारी चाचणी निरोगी माणसांतही सकारात्मक येऊ शकते. सिलिअ‍ॅकची चाचणी होण्यापूर्वी ग्लूटेन बंद केल्यास ती खोटी नकारात्मक येऊ शकते, आणि बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडचे आकडे चुकू शकतात.

एकच निदान मिळेल असा हट्टही नसावा. थायरॉइडचा स्वप्रतिकारक विकार आणि सिलिअ‍ॅक आजार एकाच व्यक्तीत आढळणे नवे नाही, आणि उतारवयात एका दुर्मीळ आजारापेक्षा दोन नेहमीचे आजार असण्याचीच शक्यता जास्त. ‘ताणामुळे होते’ असे सांगितले गेल्यास कोणत्या निष्कर्षांवरून तसे वाटते आणि कोणत्या शक्यता तपासून बाजूला ठेवल्या, हे शांतपणे विचारावे. पण दीर्घ आजारात चिंता किंवा नैराश्य खरोखर सोबत असू शकते, त्यामुळे त्यावरचे उपचार नाकारू नयेत.

छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, शरीराची एक बाजू अचानक लुळी पडणे यांसाठी पुढील भेटीची वाट न पाहता तातडीची सेवा घ्यावी. प्रयत्न न करता वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर भेट लवकर मागावी. बाकी प्रत्येक भेटीतून उठताना सध्याचे निदान किती पक्के आहे, पुन्हा केव्हा यायचे आणि दरम्यान कोणता बदल दिसल्यास त्याआधीच कळवायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.