‘सर्वे भवन्तु सुखिनः’ म्हणताना या चुका टाळा

सर्वे भवन्तु सुखिनः सर्वे सन्तु निरामयाः ।
सर्वे भद्राणि पश्यन्तु मा कश्चिद्दुःखभाग्भवेत् ॥

हा अनुष्टुभ छंद. आठ अक्षरांचे चार चरण. सुरुवातीचा ॐ मोजणीबाहेर. म्हणताना लय अडखळली तर दोष बहुतेकदा गळ्याचा नसतो, मराठी सवयीचा असतो. या छंदात चरणातलं पाचवं अक्षर ऱ्हस्व लागतं. इथे ती चार अक्षरं म्हणजे तु, नि, णि आणि ख. ‘निरामयाः’ला त्रास होत नाही, बाकी तिन्ही ठिकाणी आपण घसरतो. मराठीत शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ, म्हणून ‘भवन्तू’ आणि ‘भद्राणी’. ‘दुःख’मधला ख घाईत ‘ख्’ होतो आणि चरण सात अक्षरांवर येतो. उलट ‘कश्चित दुःख’ असं तोडून म्हटलं की एक अक्षर वाढतं. बोटांवर मोजत सावकाश म्हणा: मा, कश्, चिद्, दुः, ख, भाग्, भ, वेत्. ‘सुखी’च्या सवयीने येणारं ‘सुखीनः’ही टाळा, खि ऱ्हस्वच.

विसर्ग म्हणजे आधीच्या स्वराची सावली घेतलेला हलका ह. ‘सुखिनः’मध्ये आखूड ‘ह’, ‘निरामयाः’ला ‘हा’, ‘शान्तिः’ला ‘हि’. सगळीकडे ठणठणीत ‘हा’ लावू नका. तो गाळून ‘शांती शांती’ही नको.

‘मा’वर अनुस्वार देऊ नका. ‘मां’ म्हणजे ‘मला’. इथला ‘मा’ निषेधाचा, ‘नको’ या अर्थाचा. आईशी तर त्याचा काहीच संबंध नाही.

अर्थात सर्वांत जास्त गोंधळ ‘दुःखभाक्’चा (श्लोकात संधीमुळे ‘दुःखभाग्’). ‘कुणी कुणाचं दुःख वाटून घेऊ नये’ असा अर्थ ऐकायला मिळतो, म्हणजे प्रार्थनेच्या अगदी उलट! भाक् म्हणजे वाटेकरी: कुणाच्याही वाट्याला दुःख येऊ नये. ‘निरामय’ म्हणजे निर्मळ नव्हे. आमय म्हणजे रोग, म्हणून निरोगी. ‘भद्राणि पश्यन्तु’ हा चांगलं बघण्याचा उपदेश नाही, सर्वांच्या नजरेला मंगल पडो ही इच्छा आहे.

हा श्लोक बृहदारण्यक उपनिषदातला म्हणून छापला जातो. तिथे तो नाही. तिथला मंत्र ‘असतो मा सद्गमय’. याच वळणाचा, ‘सर्वेषां मङ्गलं भूयात्’ने सुरू होणारा श्लोक गरुडपुराणात आहे.

श्वास चरणाच्या शेवटी घ्या; जमलं तर दोन चरण एका श्वासात. ‘दुःखभाग्’नंतर थांबू नका.

समूहात शेवटी गोंगाट होतो तो पाठभेदामुळे. आपल्याकडे अनेकांना ‘सर्वेऽपि सुखिनः सन्तु’ आणि शेवटी ‘दुःखमाप्नुयात्’ पाठ असतं. अक्षरं तिथेही आठच, व्याकरणही बरोबर. त्यामुळे दुरुस्त्या करत बसू नका. कोणता पाठ म्हणायचा ते आधी ठरवा आणि फळ्यावर लिहा.