ग्रामीण आणि शहरी बेरोजगारी दराची तुलना कशी करावी
कोल्हापूर शहर आणि शाहूवाडीकडील गावे यांची तुलना करताना दोन्हीकडचे दर एकाच व्याख्येचे आहेत का, हे प्रथम तपासावे. केंद्र सरकारच्या रोजगारविषयक नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात व्यक्ती रोजगारात आहे की बेरोजगार, याची ‘नेहमीची स्थिती’ मागील 365 दिवसांवर, तर ‘चालू साप्ताहिक स्थिती’ मागील 7 दिवसांवर ठरते. ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर दुसरा आकडा हलू शकतो, म्हणून दोहोंची सरमिसळ टाळावी. बेरोजगारांच्या संख्येला लोकसंख्येने नव्हे, तर काम करणारे आणि काम शोधणारे यांच्या बेरजेने भागून 100 ने गुणावे. डेअरीला दूध घालणाऱ्या घरातील म्हशी विनावेतन सांभाळणारी सूनही रोजगारात मोजली जाते. त्यामुळे गावाच्या कमी दरावरून तेथील कमाई चांगली मानणे घाईचे ठरेल. सोबत श्रमबल सहभाग दर, म्हणजे लोकसंख्येपैकी किती टक्के लोक काम करतात किंवा शोधतात, हाही पाहावा.