कंपवातात योग करताय? आमच्या ओसरीवर झालेल्या या चुका टाळा

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, उजव्या हाताचा अंगठा आणि बोट तंबाखू चोळल्यासारखी आपोआप हलायची. वर्षभर आम्हाला ती सवयच वाटली. मग सही बारीक होत गेली, आवाज खाली गेला, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, म्हणजे पार्किन्सन्स. त्याला आता सहा वर्षं झाली. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या कापूस-तुरीच्या गावात फिजिओथेरपी नाही, म्हणून योग सुरू केला. पहिल्या वर्षी तो जवळजवळ सगळाच चुकीचा केला. दुसऱ्या कुणाच्या घरी तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

योगाने हा आजार बरा होत नाही. हालचालीसाठी लागणारं डोपामाइन नावाचं रसायन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी कमी होतात, त्या परत येत नाहीत. पण ताठर अंग मोकळं होतं, तोल सुधारतो, मन सावरतं. हाँगकाँगमध्ये स्वतः उभं राहून चालू शकणाऱ्या 138 रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो 2019 साली प्रसिद्ध झाला. आठ आठवडे एका गटाने श्वासाकडे लक्ष देत योग केला, दुसऱ्याने ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम. हालचालीत दोघांनाही सारखाच फायदा झाला, पण चिंता आणि उदासी योगाच्या गटात जास्त कमी झाली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्याकडे हात थरथरतो ते सगळ्यांना दिसतं, माणूस आतून खचतो ते कुणी विचारत नाही.

पहाटेचा हट्ट

योग पहाटे, उपाशीपोटी करायचा, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पाच वाजता सतरंजी अंथरायची आणि मामाजींना उठवायचं. अंग लाकडासारखं, कूस बदलता येत नाही, आणि मी म्हणायची, "मामाजी, हात वर करा." ते चिडायचे, मला रडू यायचं.

रात्रीच्या गोळीचा असर पहाटेपर्यंत उतरलेला असतो. लिव्होडोपाची, म्हणजे मेंदूत डोपामाइनची कमी भरून काढणारी, गोळी घेतल्यावर अंग सुटायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, काहींना जास्त. त्यामुळे योगाची वेळ सूर्यावरून नाही, गोळीवरून ठरवा. आमच्याकडे आता सहाला गोळी, अर्ध्या तासाने थोडं खाणं, आणि सातच्या पुढे मामाजी स्वतःच सांगतात, "सुनबाई, गोळी लागली." ते म्हणेपर्यंत सुरू करत नाही.

पंधरा दिवस एका वहीत लिहा: गोळी किती वाजता, अंग कधी सुटलं, परत कधी आखडलं. त्यावरून योगाची वेळ सापडते. शिवाय तीन-चार महिन्यांतून एकदा डॉक्टर भेटतात तेव्हा "बरं आहे" म्हणण्यापेक्षा ती वही पुढे करा. गोळी घेऊनही अंग सुटत नसेल तर जेवणाकडे बघा. घट्ट वरण, दूध, अंडी यांतली प्रथिनं काहींच्या बाबतीत गोळी रक्तात शिरताना आडवी येतात. डाळ बंद करू नका. गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतली तर चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

खुर्ची घसरली तो दिवस

प्लॅस्टिकची हलकी खुर्ची, खाली गुळगुळीत फरशी. मामाजी तिच्यावर हात टेकून पाय मागे घेत होते, खुर्ची सरकली आणि ते खाली बसले. हाड मोडलं नाही, पण पुढचे दोन महिने ते उभं राहायलाच घाबरत होते. पडण्यापेक्षा पडायची भीती माणसाला जास्त जखडते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आता जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवतो. उभं राहायचं ते ओसरीच्या कोपऱ्यात: पाठीशी दोन भिंती, समोर दुसरी तशीच खुर्ची. ताडासन तिथेच. वृक्षासन करायचंच असेल तर पाऊल उचलायचं नाही, फक्त टाच उचलून घोट्याला टेकवायची आणि दोन्ही हात खुर्चीवर ठेवायचे. बाजेवर बसून करू नका, ती मधे खचते आणि उठता येत नाही. धोतराचा सोगा खोचून घ्या. रबरी स्लीपर नको.

सूर्यनमस्कार आम्ही बंद केले. या आजारात आणि त्याच्या गोळ्यांनीही उठताना रक्तदाब झपकन उतरू शकतो. डोकं खाली, मग लगेच वर, की डोळ्यांपुढे अंधारी येते. निजून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग बसायचं, दहा श्वास घ्यायचे, मग उभं राहायचं. वैशाख-ज्येष्ठात घाम जाऊन हा त्रास वाढतो, तेव्हा आधी पाणी प्या. चक्कर वारंवार येत असेल तर बसल्या आणि उभ्या स्थितीतला रक्तदाब मोजून घ्या.

श्वास

कपालभाती आणि श्वास कोंडून धरणं मामाजींना सोसलं नाही, सोडून दिलं. साधा लांब उच्छ्वास पुरतो. ओंकार मात्र मोठ्याने, अंगणापलीकडे ऐकू जाईल इतक्या आवाजात. या आजारात आवाज बसत जातो आणि आपण हळू बोलतोय हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. शवासनात हात जास्त थरथरला तर घाबरू नका, ही थरथर विश्रांतीतच उठून दिसते. हात पोटावर ठेवा आणि थरथर थांबवायला सांगू नका.

गोळी सोडायची चूक

टीव्हीवर कुणी सांगतं, नातेवाईक सांगतात, की योग सुरू केलाय तर गोळी कशाला. एकदा आम्ही दोन दिवस गोळी कमी केली आणि मामाजींना घास गिळता येईना. लिव्होडोपा अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं. खाजकुहिलीच्या बियांचं चूर्णही आपल्या मनाने देऊ नका. त्या बियांत लिव्होडोपाच असतो, म्हणजे गोळीवर आणखी गोळी होते, आणि किती ते मोजलेलं नसतं.

स्वयंपाकघरातून सूचना

मी चुलीपाशी बसून सांगायची, "हात वर, श्वास घ्या, पाठ सरळ." एका वेळी तीन गोष्टी. मामाजी थिजून उभे राहायचे. या आजारात तोल सांभाळायलाच सगळं लक्ष लागतं. त्यात रस्त्यावरून कुणी "राम राम पाटील" म्हटलं की ते वळून उत्तर द्यायला जायचे आणि झोकांडी जायची. शेजाऱ्यांना आता सांगून ठेवलंय: ते खुर्चीवर बसले की मग राम राम करा. तुम्हीही जवळ उभं राहा, कमजोर बाजूला, थोडं मागे, आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा.

पाय जमिनीला चिकटले तर

ओढू नका. आम्ही हात धरून ओढायचो. धड पुढे यायचं, पाय मागेच राहायचे. थांबा, एक श्वास सोडू द्या, अंगाचा भार डाव्या-उजव्या पायावर आलटून पालटून टाकायला सांगा, मग "एक" म्हणून मोठं पाऊल. दाराच्या अरुंद जागेत हे हमखास होतं. ओसरीवर आणि उंबरठ्याच्या अलीकडे एका मोठ्या पावलाच्या अंतरावर गेरूच्या आडव्या रेषा ओढल्या, तेव्हापासून मामाजी शेतातली नांगराची तासं ओलांडावीत तशी रेषेमागून रेष ओलांडत जातात. वळणंही तसंच शिकवलं: जागच्या जागी गिरकी नाही, धुऱ्यापाशी वखर वळवताना बैल घेतात तसा मोठा फेरा. हात हलवायचे तर गोफण फिरवल्यासारखे, खांद्यापासून. आसनांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, पण हे एकदा सांगितलं आणि राहिलं.

सारवल्यावर रेषा पुसट होतात. मग ते ओसरीवरूनच हाक देतात, "सुनबाई, तासं मिटले वो," आणि मी गेरूची वाटी घेऊन येते.